समईची वात का गं हालते?

बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लंगडा आहे. इथं बाकावर या. मघाशी फेरीबोटीतून उतरताना तुम्ही विचारलंत ना, तो दोर फेकणारा माणूस फोन वाजला की असा दचकतो का, आणि उचलत का नाही? सांगतो. तुम्ही काँप्युटरच्या हपिसातले, त्यातलं अर्धं तुम्हाला माझ्याहून जास्त कळेल. उरलेलं अर्धं मात्र मलाच सांगावं लागेल, कारण ते हपिसात घडलेलं नाही. चहा सांगितलाय. तो येईपर्यंत गोष्ट खाडीच्या मध्यावर पोचेल. फक्त मधे बोलू नका, माझा धागा तुटतो.

त्या माणसाचं नाव तातू गवस. आता अंगावर खाकी शर्ट बघितलात, पण जत्रांच्या दिवसांत हाच तातू नऊवारी नेसून, नाकात नथ घालून उभा राहिला की समोर बसलेल्या बायका आपापला पदर नीट करायच्या. दशावतारातला स्त्रीपार्टी. मंडळाच्या सगळ्या राण्या ह्याच्याकडे. आणि त्या सगळ्या राण्यांना नवरा एकच, अंतू पालयेकर. उंच, खांदे रुंद, आणि आवाज असा की राजा गरजला तर पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकायची थांबायची.

दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं बरं का. तोंडं रंगवता रंगवता मालक सांगतो, आज अमुक आख्यान, राजा रुसणार, राणी वनात जाणार. झालं. पुढचं सगळं तोंडचं. मग कधीतरी भर रंगात राजाचं डोकं रिकामं होतं, अगदी ओतून ठेवलेल्या घागरीसारखं. अशा वेळी अंतूचं एक ठरलेलं वाक्य असायचं. "प्रिये, समईची वात का गं हालते?" पूर्वी रंगमंचावर समई असायची. मग ट्यूबा आल्या, वात कुठली आणि हालायची कुठली! पण वाक्य राहिलं. ते कानावर पडलं की तातूनं खेळ आपल्या हातात घ्यायचा आणि राजाला सावरायचं. मालकाला ह्याचा पत्ता नव्हता, पेटीवाल्याला नव्हता. दोघांतलंच होतं. आणि तातू काही विचार करून बोलायचा नाही. वाक्य कानात शिरलं की तोंड सुरू. अंधाऱ्या जिन्यात पाय आपला आपण पायरी शोधतो ना, तसं.

तर जत्रा संपल्या की दशावतारी रिकामा. कुणी आंब्याच्या पेट्या ठोकतो, कुणी रंगकाम करतो. अशात खाडीत जुगाराच्या दोन बोटी येऊन उभ्या राहिल्या. ह्या काठाला 'जलविहार', त्या काठाला 'राजहंस'. माडीवर माडी, रोषणाई, सगळा थाट. जगभरची माणसं घरी बसून फोनवरून इथल्या टेबलांवर खेळायची. बोटीच्या पोटात एक गार खोली असायची, तिला सगळे नशिबाची खोली म्हणत. पुढचा पत्ता कुठला पडणार ते तिथलं मशीन ठरवायचं. त्या खोलीत ज्याचा डोळा शिरला त्याला पत्ता आधीच कळला, म्हणजे खेळ संपला. खेळणाऱ्यांची नावं, चेहरे, कुणाची काय खोड, तेही तिथंच. म्हणून दारावर माणूस हवा, आणि तो गावचा हवा अशी पंचायतीची अट. तातू जलविहारवर लागला, अंतू राजहंसवर. मधे खाडी. अंतूनं तिकडून टॉवेल हलवायचा, तातूनं इकडून.

तातूची बायको शालन म्हणायची, "माज्याशी लगीन झाला ह्येंचा, पण हात हलवतत तेका!"

मग वरून हुकूम आला. खाडी लहान, बोटी दोन, पुढं एकच ठेवायची. सुरक्षेत जी कच्ची ठरेल तिनं नांगर उचलायचा.

आता कच्ची-पक्की ठरवायची कशी? आधी नेहमीसारखे प्रश्न आले. कुलुपं पक्की का? पक्की. माणसं शिकवलेली का? शिकवलेली. नियम पाळता का? पाळतो. दोन्ही बोटींची उत्तरं हुबेहूब, कारण लिहून देणारा एजंट एकच. राजहंसच्या उत्तरात एका जागी जलविहारचंच नाव राहून गेलं होतं म्हणे. तपासणारे हसले आणि दोघींना सारखेच मार्क देऊन गेले.

तेव्हा आणली ती पारख.

पारख म्हणजे मशीन. जलविहारवर नियम सांभाळायला एक बाई होत्या, रेवती प्रभुदेसाई. पोरसवदाच, पण माणुसकीची. त्यांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. टेबलावर लिंबांची टोपली होती. बोलता बोलता बाईंनी एक लिंबू उचललं आणि काही न सांगता तातूवर भिरकावलं. तातूनं झेललं.

बाई म्हणाल्या, "तातूकाका, आधी विचार केलात आणि मग झेललंत, की आधी झेललंत?"

"आधी झेललां," तातू म्हणाला. "विचार आता करतंय, बाईंका काय झालां म्हणून."

सगळे हसले. बाई म्हणाल्या, "हेच. आजची कुलुपं अशी आहेत की जगातले सगळे काँप्युटर जुंपले तरी आपल्या नातवंडांच्या हयातीत उघडायची नाहीत. म्हणून चोर आता कुलुपाकडे जातच नाही. तो कुलूपवाल्याकडे जातो. तुमच्या भावाचा, आईचा आवाज घेऊन येतो. ऐकणं आणि करणं ह्यांच्या मधे थोडा वेळ जातो. बहुतेक वेळा तेवढ्यात माणूस सावध होतो. पण प्रत्येकाचं एखादं लिंबू असतं, की ते आलं की हात आधी जातो आणि विचार मागून येतो. तिथं माणूस पातळ असतो. पारख ती पातळ जागा शोधते. तुम्ही फोनवर कुणाशी बोलताना किती थांबता, श्वास कधी अडकतो, कुणाला लगेच 'हो' म्हणता, सगळं ती मापते. मग एक दिवस खोटी हाक मारते आणि बघते. दोन्ही बोटींवर सारखीच. ज्यांची माणसं कमी फुटतील ती बोट राहणार."

"आणि आवाज कोणाचो घेता ती?" तातूनं विचारलं.

"ज्यानं आपण होऊन दिला त्याचाच. आवाज हा माणसाच्या अंगाचा भाग, असा कायदा झालाय. जिवंत माणसानं स्वतः हो म्हटल्याशिवाय पारख त्याच्या आवाजाला हात लावू शकत नाही."

पण कायद्याला एक खिडकी होती. परीक्षा कडक व्हावी म्हणून एका बोटीला दुसऱ्या बोटीच्या माणसांसाठी आवाज सुचवता यायचा. म्हणजे तुमच्याकडचा कुणी समोरच्या दारवानाचा जिवलग असेल, तर त्याचा आवाज तुम्ही द्या. घ्या, आहे की नाही कमाल? गळा कापायची सुरी दुकानात मांडून ठेवली, आणि म्हणे जबरदस्ती नाही.

जलविहारच्या मॅनेजरनं तातूला केबिनमध्ये बोलावलं. गोड बोलला. अंतू तुझा दोस्त, तुझा आवाज दिलास तर राजहंसचा दरवाजा उघडेल, आपली बोट राहील, तुझी नोकरी राहील, इथल्या सगळ्यांची राहील.

"साहेब," तातू म्हणाला, "माका लुगडां नेसाक सांगा, भर बाजारात नेसतंय. पण ह्यां नको."

शालनचाही आवाज मागायला राजहंसची माणसं घरी आली होती. ती म्हणाली, "माजो आवाज व्हरून काय करतालात? तो माणूस घरात तरी खंय आयकता!" आणि दार लावून घेतलं.

सुट्टीच्या दिवशी तातू होडीनं पलीकडं गेला. अंतू अंगणात कोकमाची सालं उन्हात पसरत होता.

"तुका बोलावलेले?" तातूनं विचारलं.

"बोलावलेले. तुका?"

"माकाय. मी नाय म्हणून इलंय."

"मग मीय नाय म्हणतलंय," अंतू म्हणाला. "मेल्या, तुका फसवन मी खेळ कोणावांगडा करू? माका दुसरी राणी कोण देतलो?"

मंडळाचा पेटारा त्या वर्षी अंतूकडेच होता. पेटारा म्हणजे आमच्या दशावताऱ्यांचा देव हो. बांबूची मोठी पेटी, आत मुकुट, कपडे, गणपतीचा मुखवटा. तिची पूजा झाल्याशिवाय कुणी तोंडाला रंग लावत नाही. दोघांनी हात धुतले, पेटाऱ्यावर ठेवले. तीच शपथ. पेटाऱ्यावर हात ठेवल्यावर बोलायची गरज नसते. मग अंतूच्या सुनेनं सोलकढी दिली, दोघे प्याले, आणि तातू परत आला. येताना होडीत गात होता म्हणे.

पुढं बरेच दिवस काही झालं नाही. जलविहारवर एकेकाला हाका येऊन गेल्या. डिमेलो म्हणून तातूचा जोडीदार होता, त्याला त्याच्या बहिणीच्या आवाजात रडून दाखवलं. त्यानं नियमाप्रमाणे फोन ठेवला आणि मग कोपऱ्यात जाऊन स्वतःच रडला. बहिणीनं आवाज दिला होता, म्हणजे तिनंही 'हो' म्हटलं होतं ना! त्या आवाजाच्या पैशातून नवीन फ्रीज घेतला होता तिनं. बघा, मशीन अजून कुणाला फोडतंय तोवर घरं फुटायला लागली होती. कँटीनमध्ये माणसं एकमेकांच्या घरच्यांची चौकशी करेनाशी झाली.

तातू मात्र खुशाल होता. त्याला वाटायचं, आपलं लिंबू एकच आणि ते पेटाऱ्यात बंद आहे.

एक दिवस दुपारी, ओहोटी लागली होती, तातू मागच्या दारावर होता. त्या दारातून पाण्यात शिडी उतरते. कुणी खाडीत पडलं तर ओढून घ्यायला. उघडायचं तर दोन माणसं लागत, पण जीव वाचवायची वेळ आली तर एकटाही दांडा ओढू शकायचा. मात्र त्याआधी जोडीदाराला हाक मारायची, असा नियम. कारण त्या दारातून नशिबाची खोली अगदी चार पावलांवर.

फोन वाजला. अंतू.

"तातू, मी तुज्या शिडीखाली आसंय. होडी कलांडली. छाती दुखता रे."

तातू ताडकन उठला. पण तो ठाम राहिला, हे मुद्दाम सांगतो. त्यानं पडद्यावर बघितलं, शिडीचा कॅमेरा धुरकट.

"अंतू, पेटाऱ्याची शपथ. तूच मा?"

"मीच रे. किती इचारतंस? हात सुटता माजो."

"धर घट. डिमेलोक हाक मारतंय, मग उघडतंय."

"येळ नाय, तातू…"

"नियम तो नियम. धर."

त्यानं डिमेलोला हाक मारायला तोंड उघडलं. इथपर्यंत तातू पास होता. अजून एक श्वास, आणि जलविहार वाचली असती.

तेवढ्यात फोनमधला आवाज बदलला. मालवणी गेली. राजाचा आवाज आला, भरदार, दमलेला, थोडासा कापरा.

"प्रिये, समईची वात का गं हालते?"

दांडा खाली आला होता. तातू सांगायचा, मी ओढला नाही, तो माझ्या हातात खाली आलेला मला दिसला.

दार सरकलं. शिडी रिकामी. खाली हिरवं पाणी, माशांच्या पिल्लांचं एक टोळकं, आणि शिडीच्या शेवटच्या पायरीला चिकटलेली कालवं. भिंतीतून एक गोड बाई बोलली, "चाचणी पूर्ण झाली. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद."

तातूनं मान वर केली. उघड्या दारातून पलीकडची बोट समोरासमोर दिसत होती. राजहंसच्या डेकवर अंतू उभा होता. हातात कप, खांद्यावर टॉवेल. कोरडा ठणठणीत. दार उघडलेलं त्यानं बघितलं. टॉवेल काही हलला नाही. तो वळला आणि आत गेला.

निकाल लागला. राजहंस वर, जलविहार खाली. फरक फार नव्हता, एका दाराचा होता. टगबोटी आल्या, नांगर उचलला, गावातली कितीतरी माणसं काठावर उभी राहून बघत होती आणि त्यातली निम्मी बोटीकडे नाही, तातूकडे बघत होती.

प्रभुदेसाई बाई जायच्या आधी तातूच्या घरी आल्या. शालननं चहा दिला, पण त्यांना कुणी पिण्याचा आग्रह केला नाही.

तातूनं एकच विचारलं. "बाई, आवाज दिलो तां समाजला. पण तां वाक्य? तां आमी फोनवर कधीच बोलाक नाय. मशीनीन तां मनातसून काढलां?"

बाई खाली बघून म्हणाल्या, "नाही काका. मन वाचणारं मशीन अजून झालेलं नाही. आवाज देणाऱ्या माणसाला पारख समोर बसवते, त्याच्याशी बोलते. तुझा मित्र कसा, तो कशाला धावून येतो, असं विचारते. जे सांगितलं जातं, तेच तिला कळतं."

"म्हणजे तेच्या तोंडातसून इलां."

"हो."

बाई गेल्यावर शालन म्हणाली, "जावा. इचारून येवा. नायतर ह्यां तुमका खायत."

तातू गेला. अंतूनं त्याला येताना बघितलं तरी उठला नाही. सालं पसरायचं सूपच हातात घेऊन बसला.

"पेटाऱ्यावर हात ठेवलंस," तातू म्हणाला.

"ठेवलंय."

"मग?"

"माका वाटलां, तू देतलंस. आज नाय तर उद्या. तुका तुजो मॅनेजर सोडूचो नाय. मग मीच बाहेर पडतलंय. सून गरोदर, पोरगो घराक बसलो…"

"मी देवक नाय."

"आता समाजला माका."

"आणि वात?" तातूचा आवाज फाटला. "आवाज दिलंस, पोटासाठी दिलंस, मी म्हणतंय चल, माणूस भियाता. पण वात कित्याक दिलंस? ती तुज्या एकट्याची हुती?"

अंतूनं सूप खाली ठेवलं. मग जे बोलला ते ऐका. माझ्या मते सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात वाईट तेच.

"तातू, तां मशीन काय सुंदर इचारता रे! गार खोली, चाय, आणि तां इचारता. राजा कसो उभो रवता? तू शब्द खंयसून आणतंस? अडाकलंस तर काय करतंस? इतकी वर्सां तोंडाक रंग लावलंय, माका कोणी कधी इचारूक नाय. पोरग्यान नाय, बायलेन नाय, मालकान नाय. लोक टाळी देतत आणि भजी खातत. तां आयकत रवला. वा म्हणी. आणखी सांगा म्हणी. मी सांगत गेलंय. सांगता सांगता तीय सांगून टाकलंय. मोठेपणान सांगलंय रे. आमची जोडी कशी हुती, तां दाखवक."

तातू उभा राहिला. शिव्या येतील म्हणून अंतूनं मान खाली घातली होती. पण तातू फक्त म्हणाला, "माका सांगतंस तर मीय आयकलंय असतंय."

आणि होडीकडं चालू पडला.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण राजहंसनं जिंकल्याचा सोहळा केला. जेटीवर मांडव, दिवसाढवळ्या दशावतार. मंडळाच्या मालकानं सुपारी घेऊन टाकली. तातू नाही म्हणत होता. पण आमच्यात एकदा पेटारा बाहेर निघाला की कलावंतानं नाही म्हणायचं नसतं. भांडण माणसांचं, देवाचं नव्हे. तातूनं नऊवारी नेसली. रंगपटात दोघं एकाच आरशात तोंडं रंगवत होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते.

खेळ चांगला रंगला. राजा रुसला, राणी समजूत काढायला आली. साहेबलोक पुढं कोचावर, गावकरी मागं चटईवर. जलविहारवरचे सुटलेले लोकही होते, फुकट खेळ कोण सोडतो! राजानं हात उचलला, "हे राणी…" म्हणाला, आणि तातूच्या डोळ्यांत बघितलं.

आणि घागर रिकामी झाली.

मृदंगावर थाप पडली, झांज वाजली, राजा गप्प. कपाळावरच्या रंगातून घाम उतरायला लागला. मग अंतूनं खरोखरच बुडत्या माणसासारखं म्हटलं, "प्रिये, समईची वात का गं हालते?"

तातूचं तोंड उघडलं नाही.

सूड म्हणून नाही हां. गावातले काही म्हणतात, त्यानं मुद्दाम केलं. खोटं. तातूनं शालनला सांगितलं आणि शालननं मला. त्याला सावरायचं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा कान आणि तोंड ह्यांच्या मधे जागा झाली होती. त्या जागेत तातू उभा राहून विचार करत होता. हा अंतू आहे का? खरंच अडलाय का? की हीसुद्धा कुणाची परीक्षा आहे? समोर हातभर अंतरावर जिवंत माणूस घामानं निथळतोय, दिसतोय, आणि हा विचार करतोय! पारखेनं जी पातळ जागा शोधली होती, ती तिनं एकदाच वापरली आणि तिथं घट्टा पडला.

पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला. मग तातू बोलला. छान बोलला. वारा, वात, राजाचा राग, वनवास, सगळं जुळवून राजाला वाट करून दिली. लोकांनी टाळ्या दिल्या. कुणाला काही कळलं नाही.

अंतूला कळलं. टाळ्या चालू असताना तो ओठ न हलवता पुटपुटला, "उशीर केलंस."

तातू तसाच पुटपुटला, "इचार केलंय."

खेळ संपल्यावर अंतूनं मुकुट उतरवला, पुसला, पेटाऱ्यात ठेवला आणि पाया पडला. त्यानंतर तो परत कधी राजा झाला नाही. तातूनंही लुगडं नेसलं नाही.

चहा आला बघा. घ्या, निवेल.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तातू फेरीबोटीवर लागला, दोर फेकायच्या कामावर. पण पारख काही जुगाराच्या बोटींपुरती राहिली नाही. बँकांनी घेतली, धरणवाल्यांनी घेतली, आता फेरीवाल्या कंपनीनंही घेतलीय. कुणाची माणसं किती फुटतात ते लावून बघायचं वेड लागलंय सगळ्यांना. आणि पारखेच्या पोटात तातूचं लिंबू अजून तसंच आहे, अंतूचा आवाज आणि ती वात. एकदा हो म्हटलेलं परत घेता येत नाही म्हणे. त्यामुळं तातूला फोन येतो. अंतूचा आवाज, "प्रिये" म्हणतो. मशीनला वाटतं, हा इथंच फुटतो.

आणि इकडे खरा अंतू आजारी आहे. अंथरुणाला खिळलाय. त्याची सून सांगते, तोही तातूला फोन लावतो. कुठला फोन मशीनचा आणि कुठला माणसाचा, तातूला कसं कळावं? म्हणून तो कुठलाच उचलत नाही. ही फेरी रोज त्या काठाला लागते. अंतूचं घर जेटीवरून दिसतं, कौलांवर सुकत घातलेली सालं दिसतात. तातू दोर फेकतो, खुंट्याला बांधतो, माणसं उतरवून घेतो आणि बोटीतच उभा राहतो. मी एकदा म्हटलं, जा की वर. म्हणाला, "जातलंय. पण तेणी आधी बोलावक व्हयां, आणि माका तां खरां वाटाक व्हयां."

तर तुमच्याकडे माझं एवढंच मागणं. तुम्ही त्या क्षेत्रातले, पारखवाल्यांत कुणाची ना कुणाची ओळख असेलच. त्यांना म्हणावं, तुमच्या मशीनमध्ये आमच्या दोन दशावताऱ्यांची एक वात जळतेय. तेवढी विझवा. बाकी तुमची सगळी परीक्षा चालू ठेवा, आमचं काही म्हणणं नाही. पण ती एक वात विझवा. मग एखाद दिवशी तातूचा फोन वाजला, तर तो अंतूच आहे एवढं तरी त्याला कळेल. सांगाल ना तेवढं? आणि जरा लवकर सांगा.